हात सैल सोड

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, बोटं रिकामी ठेवू नका, काही ना काही करत राहा. पेनाला चिंधी गुंडाळून जाड केलं की धरायला बरं पडतं, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणून हे लिहायला घेतलं. अक्षराकडं बघू नका. आधी नुसता व्यायाम म्हणून लिहीत होते, मग वाटलं, सकाळी ज्यांची बोटं उठायलाच तयार नसतात अशी आणखीही माणसं असतील, त्यांना दोन गोष्टी कामाला येतील. औषधांची नावं मात्र मी लिहिणार नाही. ती आपापल्या डॉक्टरांना विचारा. नाहीतर माझं वाचून गोळ्या घ्याल आणि नंतर माझ्याच नावानं बोटं मोडाल.

मी लिंबागणेशची कासारीण. बांगड्या भरणं हा आमचा पिढीजात धंदा. देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं छोटं दुकान आहे. दुकानात आमचे हे बसतात, आणि लग्नघरी जाऊन नवरीचा हिरवा चुडा भरायचं काम माझं. या गावातल्या आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या किती बायकांचे हात माझ्या हातातून गेलेत ते मी मोजलेलं नाही. मोजायची गरजही नव्हती, कारण हे काम कधी थांबेल असं मनातच आलं नव्हतं.

माप चुकलं

बांगडी भरणाऱ्या बाईला हात बघूनच माप कळतं. गिऱ्हाईक पायरी चढतं तेव्हाच मी मनात म्हणते, ही सव्वादोनची, ही अडीचची. तोंडाकडं नंतर बघते. एखादी म्हणते, "मामी, मला सव्वादोनच येत्यात." मी वाद घालत नाही. गुपचूप अडीचची माळ सोडते आणि सव्वादोन आहेत म्हणून सांगते. तीही खूश, मीही खूश.

आणि अशा मला स्वतःचं माप कळलं नाही. माझा हात जन्माचा सव्वादोनचा. एका पावसाळ्यात बांगड्या बदलायला घेतल्या तर त्या बोटांच्या पेरांशी अडायला लागल्या. मी म्हटलं, वय झालं, अंगानं सुटले. सरळ अडीचच्या भरून घेतल्या आणि सुनेला म्हटलं, "रेखा, तुझ्या हातचं खाऊन मी जाड झाले बघ."

रेखा म्हणाली, "कुठल्या जाड, आत्या? तुमचं झंपर तर ढिलं व्हायलंय."

ते ऐकून तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मी दुसऱ्यांना माप सांगणारी बाई. माझं माप मला कोण सांगणार?

सकाळी उठलं की बोटं वळायची नाहीत. मूठ मिटत नाही, तांब्या धरवत नाही. गुडघे तसेच. बांगड्या भरायला मी कायम उकिडवी बसायची, ती आता बसले की उठायला दाराची चौकट धरायची. दुपार झाली की सगळं जरा सैल व्हायचं, मग मी म्हणायची, बघा, काही नाही झालेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. भाकरी थापणं सुटलं. पुढं झंपराच्या हुका लावणं सुटलं. ज्या दिवशी रेखानं पहिल्यांदा माझी वेणी घातली त्या दिवशी मी भिंतीकडं तोंड करून बसले होते. मला फार लाज वाटली.

गावात सल्ल्यांना तोटा नसतो. एकीनं एरंडाची पानं बांधायला सांगितली, एकीनं लसणाचं तेल. एका शहाणीच्या नादानं मी मनगटावर बिब्बा घातला. दुखणं होतं तसंच राहिलं आणि वर फोड उठले. ते फोड मी जेवढे जपले तेवढी बाळंतपणं जपली नाहीत.

पूजाचा हात

आमच्या शेजारच्या आळीत शांता राहते. ती आणि तिचा नवरा दरवर्षी ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की गाडी भरून निघतात आणि उन्हं तापली की परत येतात. निघायच्या आदल्या दिवशी शांता तिच्या मुलीला, पूजाला घेऊन दुकानात आली. पूजा बी.ए. झालेली, लग्न नुकतंच ठरलेलं. सासरची माणसं येऊन-जाऊन असणार, हातात चार चांगल्या बांगड्या असाव्यात म्हणून आल्या होत्या.

आमचे हे उठायला लागले. म्हणाले, "थांब, मी भरतो." मी म्हटलं, "तुमी बसा." पूजाचा हात हातात घेतला. हात कसा धरायचा ते मला शिकवावं लागत नाही. अंगठा तळव्यात मिटवायचा, पेरं एकावर एक आणायची आणि बांगडी पुढं सरकवायची. जोर लागत नाही, अंदाज लागतो. पण त्या दिवशी माझी बोटं माझं ऐकत नव्हती. अंदाज गेला, मी जोर लावला. कट्‌कन आवाज झाला. दुसरी घेतली, तीही गेली. तिसऱ्या वेळी काच पूजाच्या मनगटात घुसली आणि रक्त आलं. पोर माझ्याकडं बघत राहिली.

आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. फुटणं हा शब्द सवाष्णीच्या हाताशी आणायचा नाही. मी जन्मभर हजारदा म्हणाले असेन, असू दे, वाढली. त्या दिवशी माझ्या तोंडातून तो शब्द निघाला नाही.

शांतानं पदराच्या टोकानं पूजाचं मनगट दाबून धरलं. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार. ती म्हणाली, "मामी, आमी कारखान्याहून आलो की पूजाचं लगीन हाय. चुडा तुमीच भरायचा. माझा तुमीच भरलाय."

"माझे हात बघ की गं," मी म्हटलं.

"बघितले. तवर बरे करा."

असं सांगितलं जणू चपलेचा अंगठा शिवून घ्यायला सांगतेय. दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी गेली. आणि मला वायदा मिळाला. त्या लग्नाआधी हात परत कामाला लागले तर मी कासारीण, नाही लागले तर नुसती एक म्हातारी. बाकी कुणाला असं वाटत नव्हतं, पण मला अगदी असंच वाटत होतं.

भुंडे हात

मांजरसुंब्यापर्यंत जीप आणि तिथून एसटी, असे आम्ही अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेलो. हे बरोबर होते. केसपेपरची रांग, मग रक्त द्यायची रांग, मग आत जायची रांग. रांगेत एक गोष्ट मात्र चांगली होती. पुढची, मागची, सगळ्यांची हाडं दुखत होती, त्यामुळं कुणी कुणाला बिब्बा घाल म्हणत नव्हतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "मावशी, सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात?"

मी म्हटलं, "सुनेच्या सगळ्या भाकरी होईस्तोवर."

"घरात माणसं किती?"

मी सांगितलं. त्यांनी मनात हिशेब केला असावा, कारण त्यांच्या भुवया वर गेल्या. मग माझी पेरं एकेक दाबून बघितली. हातांचा फोटो काढायला हवा म्हणाल्या. फोटोच्या खोलीतल्या सिस्टर म्हणाल्या, "बांगड्या काढा."

मी काढायला गेले आणि तेव्हा मला कळलं. अडीचच्या बांगड्या, ज्या मी मोठ्या म्हणून घातल्या होत्या, त्याही पेरांवरून परत येईनात. साबण लावला. प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून वरून सरकवून बघितलं, ही युक्ती मी स्वतः शेकडो बायकांना केलेली. काही उपयोग झाला नाही. हात ठणकायला लागला. सिस्टर म्हणाल्या, "फोडाव्या लागतील."

मी म्हटलं, "ते जमायचं न्हाई."

नवरा बाहेर बाकावर बसलेला आणि मी इथं हातातला चुडा फोडायचा? दुसऱ्या कुणा बाईनं असं केलं असतं तर मी समजूत घातली असती, पण स्वतःवर आलं तेव्हा माझं शहाणपण बाहेरच्या रांगेत राहिलं. सिस्टरनी बिचाऱ्यांनी बाहेर जाऊन यांना आत आणलं. हे आले, माझ्या हाताकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं.

"कावून रडायलीस?"

मी सांगितलं.

"अगं, मी कुठं चाललोय? हितंच तर बसलोय बाकावर." असं म्हणून त्यांनी खांद्यावरचा रुमाल माझ्या मनगटाभोवती गुंडाळला आणि वरून एकेक बांगडी दाबून वाढवली. एक ओरखडा उठला नाही. या माणसाचा हात असा हलका आहे हे मी विसरूनच गेले होते. लग्नाआधी बाजारात बांगड्या हेच भरायचे. मी आल्यावर बायकांना बाईच्या हातानं भरून घ्यायला बरं वाटायला लागलं, मग यांनी बांगड्यांच्या माळा ओवायचं काम घेतलं.

कासाराच्या घरी बाईचे हात भुंडे ठेवत नाहीत. यांनी इकडं-तिकडं बघितलं. रिपोर्ट ठेवायला बाहेरून एक फाइल घेतली होती, तिची लाल नाडी ओढून काढली, दातानं तोडून दोन तुकडे केले आणि माझ्या दोन्ही मनगटांना बांधले. "हा घे चुडा," म्हणाले. सिस्टर हसल्या, मीही रडता रडता हसले. एवढ्या मोठ्या दवाखान्यातली माझी सगळ्यात जवळची आठवण ती नाडी आहे.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं. हा आमवात. तुम्ही जाड झाला नाहीत, तुमचे सांधे सुजलेत. हा तेलानं जाणारा वात नाही, औषध नेमानं घ्यावं लागेल आणि अधूनमधून रक्त तपासावं लागेल.

"जन्माचं हाय का?" मी विचारलं.

"मुळापासून जाईल असं मी सांगणार नाही. पण आटोक्यात राहील. वेळेत आलात."

वेळेत आलात, हे दोन शब्द मी एसटीत सगळ्या रस्त्यानं मनात घोळवत होते. कारण मला भीती कसली होती ते आता सांगते. आमच्या एका जुन्या गिऱ्हाईक आजीची बोटं वाळलेल्या शेंगांसारखी एका बाजूला वाकली होती. तिला बांगडी भरणं मी सोडून दिलं होतं, कारण तिचा हात कुठूनच मिटत नव्हता. गेले कित्येक दिवस मी सकाळी उठून आधी माझी बोटं बघत होते, कुणीकडं कलली का म्हणून. हे मी घरात कुणालाच बोलले नव्हते.

आणि मी मनाशी एक ठरवलं. पूजाचा चुडा भरीन तेव्हाच स्वतःच्या हातात काच घालीन. तोवर ही नाडीच बरी.

राखून ठेवलेले हात

इथं मी जी चूक केली ती तुम्ही करू नका.

औषधानं हळूहळू सूज उतरायला लागली. ठणका कमी झाला. आता मला वाटलं, हे हात लग्नासाठी राखून ठेवायचे. ठेवणीतलं लुगडं कसं आपण घडी मोडू देत नाही, तसं. मी दोन्ही हातांना मऊ फडकी गुंडाळली आणि कॉटवर बसून राहिले. मुलगा म्हणाला, आई, बरंच झालं, आता आराम कर, चुड्याचे तयार सेट मिळतात, ते ठेवू दुकानात. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. पण हात मात्र राखत राहिले.

रेखाशी एकदा चांगलंच वाजलं. ती म्हणाली, "आत्या, शेंगा तरी फोडत बसा, हात हलतील." मी म्हटलं, "तुला माझ्या हाताची किंमत न्हाई." ती रडली, मी रडले, आणि स्वयंपाक यांनी केला. तो खाऊन आम्ही दोघी लगेच एक झालो.

पुढच्या खेपेला दवाखान्यात गेले तर सूज नव्हती, पण बोटं लाकडासारखी झाली होती. डॉक्टरीणबाई रागावल्या आणि मला व्यायामाच्या खोलीत पाठवलं. तिथल्या बाई बुटक्याशा, हसऱ्या. त्यांनी कोमट वितळलेल्या मेणाच्या भांड्यात माझे हात बुडवायला लावले. सगळ्या दुखण्यात मला मिळालेलं ते पहिलं सुख. बाईंनी हातावरचं मेण सोलून काढलं, माझा हात त्यांच्या हातात घेतला आणि अंगठा तळव्याकडं वळवायला लागल्या. मी दात आवळले.

त्या म्हणाल्या, "मावशी, हात सैल सोडा."

मी म्हटलं, "सोडलाय की."

"नाही सोडलेला. घट्ट धरलाय तुम्ही. घट्ट धरला की दुखतो."

मला हसूच फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. बाई घाबरल्या, दुखलं का म्हणून विचारायला लागल्या. त्यांना कसं सांगू? हात सैल सोड, पोरी. जन्मभर मी दुसरं काय म्हणत आले होते? नवरी घाबरलेली असते, मूठ आवळते, आणि जी आवळते तिच्याच हातात बांगडी वाढते. सैल सोडते तिला कळतही नाही. हे मला जितकं ठाऊक तितकं कुणाला ठाऊक? आणि इतके महिने मी दोन्ही मुठी आवळून बसले होते.

मग मी त्यांना माझा धंदा सांगितला. त्या म्हणाल्या, "अरे वा, मग पुढच्या वेळी बांगड्या घेऊन या. त्याचाच व्यायाम करू." आणि खरंच केला. त्या मला हात द्यायच्या, मी प्लॅस्टिकच्या बांगड्या चढवायची आणि उतरवायची. कोणत्या बोटानं जोर लावते आणि कुठल्या सांध्याला त्रास देते ते त्या दाखवायच्या. बसायचं कसं तेही ठरवलं. उकिडवं बंद. गिऱ्हाईक खुर्चीवर, मी समोरच्या खुर्चीवर, मध्ये उशी. पहिल्या दिवशी मला ते न्हाव्याच्या दुकानासारखं वाटलं, आता सवय झाली.

घरी सकाळी गरम पाण्यात हात, मग रेखा कणीक मळायला द्यायची. पहिल्या पोळ्या फार वाईट झाल्या, पण कुणी बोललं नाही. मग देवळापर्यंत चालत जायचं आणि यायचं. गुडघे कुरकुर करायचे, मी म्हणायची करा. एखादा दिवस वाईट उगवायचा, सगळं परत आखडायचं. त्या दिवशी थोडं कमी करायचं, पण कॉटवर हात गुंडाळून बसायचं नाही. मी शेंगा फोडल्या, माळा ओवल्या, रेखाची वेणी घातली. तिची वेणी घालताना मला ती भिंतीकडची सकाळ आठवली. तिलाही आठवली असावी.

बायका विचारायच्या, "कासारणीचे हात कावून भुंडे?" मी लाल नाडी दाखवायची. नाडीचा रंग तोवर धुऊन-धुऊन पार गेला होता.

चुडा

शांताची माणसं परत आली. रापलेली, दमलेली, पण आल्या आल्या शांता दारात उभी. माझ्या तब्येतीची चौकशी नाही, काही नाही. "मामी, बेस्तरवारी या," एवढं म्हणाली आणि गेली.

त्यांच्या अंगणात मांडव पडला होता. पूजा खुर्चीवर, समोर मी, बाजूला बायकांचा घोळका. हे पेटी घेऊन बरोबर आले होते, मागं उभे राहिले. मी पूजाचा हात घेतला. मनगटावर बारीकसा पांढरा वण होता. आणि हात असा ताठ, की त्याला तो वण आठवत होता हे मला लगेच कळलं.

"हात सैल सोड, पोरी."

"सोडलाय मामी."

"न्हाई सोडला. मी बी अशीच म्हणत होते." मग तिला मी मेणाची गोष्ट सांगितली, नाडीची सांगितली. नाडीवर पोर खळखळून हसली, आणि ती हसत असताना पहिली बांगडी गेली. तिला कळलं नाही. मला कळलं. अंगठ्याखाली तो ओळखीचा अंदाज परत आला होता, जरा म्हातारा झालेला, जरा हळू, पण माझाच. मग दुसरी, तिसरी.

मध्येच एक कट्‌कन गेली. बायकांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी पूजाचं मनगट उलटसुलट करून बघितलं, कुठं काही लागलं नव्हतं. "वाढली," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. शांता म्हणाली, "वाढू द्या, पेटी भरून हायत." आणि परत गलका सुरू झाला.

दोन्ही हात भरले. शेवटी वर एक बांगडी कासारीण आपल्या मनानं घालते, तीही घातली. पूजा पाया पडायला वाकली तेव्हा मला तिला उठवायला दोन्ही हात पुढं करता आले.

घरी येईस्तोवर दिवस मावळायला आला होता. बोटं दुखत होती, खोटं कशाला सांगू, पण ते केलेल्या कामाचं दुखणं होतं. ते मला ओळखता येतं. यांनी पेटी खाली ठेवली आणि म्हणाले, "बस पायरीवर. आता तुझा."

कात्रीनं त्यांनी दोन्ही नाड्या कापल्या. सवयीनं अडीचची माळ सोडली. पहिली बांगडी न अडता आत गेली आणि मनगटावर गरगर फिरली. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"सव्वादोनची काढा," मी म्हटलं.

त्यांनी काढली. माझा हात धरला, अंगठा मिटवला, बांगडी पेरांपर्यंत आणली. तिथं ती अडली.

"सैल सोड हात."

"सोडलाय."

"न्हाई सोडला."

मी बघितलं. माझा हात त्यांच्या हातात पार निवांत पडला होता. आखडली होती ती त्यांची बोटं.

"अहो, माझा सैलच हाय. तुमीच घट्ट धरलाय."

त्यांनी खाली बघितलं. स्वतःच्या हाताकडं बघतच राहिले.

"दवाखान्यापासनं धरलाय," म्हणाले, आणि पकड ढिली केली. बांगडी आत गेली.